कोयीचा मानकरी कोण?

मे महिन्यात दुपारी चार-साडेचारला दारात उभा राहणारा पाहुणा भुकेला नसतो, तापलेला असतो. पूर्वी त्याच्यापुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या यायचा. त्यानंतर पन्हं किंवा कोकम सरबत. अशा वेळी तळणाच्या वासानं त्याला आणखी घाम फोडण्यापेक्षा ताज्या फळांचं तबक पुढं करणं केव्हाही बरं. प्रश्न एवढाच, की ते मांडायचं कसं आणि मांडायचं कुणी?

हल्ली लग्नसमारंभात कलिंगडाचे हंस आणि मोर दिसतात. लोक कौतुकानं त्यांचे फोटो काढतात आणि मुकाट्यानं आइस्क्रीमकडे वळतात. मोराची मान मोडून खायची छाती कुणाची होणार? घरच्या तबकाची पहिली कसोटी हीच, की पाहुण्यानं संकोच न करता फोड उचलली पाहिजे.

त्यासाठी चार-पाच फळं पुरतात. मोठ्या परातीत केळीचं पान पसरावं. कलिंगड चिरण्याआधी बाहेरून स्वच्छ धुवावं. नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. सालीसकट त्रिकोणी फोडी केल्या की धरायला आयती मूठ मिळते. त्या कडेनं गोल लावाव्यात. त्यांच्या आत पपई आणि अननस, मध्ये वाटीत सोललेले ताडगोळे. करवंदं-जांभळांची वाटी वेगळी, कारण त्यांचा रंग शेजाऱ्याला लागतो. काप्या फणसाचे गरे काढताना हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावावं, म्हणजे चीक चिकटत नाही.

हापूस अर्धा तास पाण्यात ठेवून मग चिरावा. कोयीच्या दोन्ही अंगांनी गाल कापून घ्यावेत, गरात सुरीच्या टोकानं आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात आणि साल खालून वर ढकलावी. फूल उमलल्यासारखा आंबा उलटतो. याहून अधिक नक्षीची गरज नाही.

फळं गार करायची ती अख्खी, आणि चिरायची ती पाहुणे बसल्यावर. उन्हाळ्यात चिरलेलं फळ तासाभराहून अधिक उघड्यावर ठेवू नये. मीठ-मसाला वेगळा द्यावा आणि आग्रह आवरावा. घरोघरी मधुमेह आहे. कुणी किती खायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं.

गंमत म्हणजे, या तबकातली निम्मी फळं एकेकाळी स्वतःच पाहुणी होती. कलिंगड मूळचं आफ्रिकेचं. अननस, पपई आणि चिकू अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. आज त्यांना कुणी परकं म्हणत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या कोकणच्या हापूसला ते मिळालं २०१८ साली! पाहुण्याला जागा दिली की तो घरचा कसा होतो, याचा याहून गोड दाखला कोणता?

बँकेत आयुष्यभर जमाखर्च पाहिल्यामुळं मला मात्र या तबकातली एक न लिहिलेली रक्कम खटकते. बाहेर गप्पा रंगतात, तेव्हा आत ओट्यापाशी कुणीतरी उभ्यानं फळं चिरत असतं. बहुधा ती घरची आई असते, नाहीतर सून. फोडी बाहेर जातात, हशा आत ऐकू येतो आणि तिच्या वाट्याला कोय उरते. कोय चोखण्यात सुख आहे, हे मान्य. पण ते सुख तिनं निवडलेलं नसतं. ते तिच्यासाठी उरलेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे. फळी, सुरी आणि परात बाहेरच्या खोलीत आणावी. सुरी घरातल्या पुरुषानं हाती घ्यावी, फोडी मुलांनी लावाव्यात, आणि जिनं आजवर चिरलं तिनं पाहुण्यांच्या शेजारी बसावं. फोडी जरा वेड्यावाकड्या होतील, पण त्यावर दोन विनोदही होतील. तबकातली पहिली फोड तिच्या हातात द्यावी. राहता राहिली कोय. तिच्यासाठी सर्वांनी खुशाल भांडावं.