गांजाचं झाड वयात येतं तेव्हा

पॅरिसमधल्या काचघरात हिवाळ्यात पेरलेली गांजाची रोपं अगदी लहान असतानाच फुलायला लागली आणि ज्यूलियाँ तुर्नवा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ बुचकळ्यात पडला. उन्हाळ्यात हीच झाडं माणसाच्या डोक्यावर जातात, मग फुलतात. रोपांना रोज मोजकाच प्रकाश देऊन त्यानं प्रयोग केले आणि १९१४ मध्ये लिहून ठेवलं की, दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणं जास्त महत्त्वाचं असावं. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर केलेलं काम १९२० मध्ये प्रसिद्ध झालं. पाठ्यपुस्तकं सहसा तिथूनच सुरुवात करतात. तुर्नवाला त्याचं श्रेय मिळायलाच हवं.

हा विषय आता प्रयोगशाळेबाहेर आला आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडं लावता येतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार चालतात. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय लागवड हा गुन्हाच आहे. तेव्हा पुढचं निरीक्षण बर्लिनच्या गॅलरीतलं समजा.

तिथल्या हौशी माणसाचा प्रश्न असतो, झाड फुलायला तयार झालं का? उंची पाहून हे कळत नाही. भरपूर खत मिळालेलं कोवळं रोपही उंच होतं. खरी खूण खोडावर असते. कोवळ्या रोपाला पानं जोडीनं येतात, देठ अगदी समोरासमोर. पहिल्या खऱ्या पानांना एकेकच पर्णिका असते, पुढच्यांना तीन, मग पाच, सात. झाड वाढतं तशी वरची जोडी फुटते. एक देठ खाली राहतो, दुसरा थोडा वर सरकतो आणि खोड किंचित नागमोडी दिसू लागतं.

आता पेरापाशी भिंग धरायचं. देठाच्या बगलेत हिरवं, टोकदार उपपर्ण असतं. त्याच्यालगत मादी झाडावर इवलीशी हिरवी पिशवी दिसते आणि तिच्या तोंडातून दोन पांढरे केस बाहेर डोकावतात. नर झाडावर त्याच जागी छोट्या देठाची गोल कळी येते. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की, ही सुटी फुलं मोठ्या दिवसांतही येतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मादी झाडांवर हेच दाखवलं. फूल धरण्याची क्षमता झाडाला वयानुसार येते. लांब रात्र काम करते ते पुढचं. पेरांमधलं अंतर घटतं, फांद्यांना फांद्या फुटतात आणि एकेकट्या फुलांच्या जागी दाट तुरा तयार होतो.

रात्र मोजली जाते पानांत. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तांबड्या प्रकाशानं एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परततं. झाडाचं आतलं घड्याळ आणि हे रंगद्रव्य मिळून अंधार पुरेसा झाला की नाही ते ठरवतात. मग पानातून एक प्रथिन शेंड्याकडे निघतं. मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात अशा निरोप्या पदार्थाची कल्पना मांडली होती. तो प्रथिन असल्याचा भक्कम पुरावा इतर वनस्पतींमध्ये २००७ मध्ये मिळाला. रस्त्यावरचा दिवा रात्रभर गॅलरीत पडत असेल तर हा निरोप अडू शकतो. आपले शेवंतीवाले पॉलिहाउसमध्ये रात्री बल्ब लावून फूल लांबवतात, ते याच तत्त्वावर.

बर्लिनमध्ये जूनचा दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो. तो चौदा तासांच्या आत येतो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर झाडाला खोड भरायला, फांद्या धरायला अख्खा उन्हाळा मिळतो. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. म्हणूनच उत्तर युरोपातले धाग्यासाठी लावले जाणारे गांजाचे वाण विषुववृत्ताकडच्या प्रदेशात नेले की, उंची धरण्याआधीच फुलतात आणि धागा आखूड निघतो.

रशियाच्या बाजूचा एक ठेंगणा प्रकार मात्र रात्रीकडे पाहतच नाही. यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये त्याला रुडेरालिस हे नाव दिलं. तिकडचा उन्हाळा आखूड असतो, रात्री लांबण्याची वाट पाहिली तर बी पिकण्याआधीच थंडी गाठेल. तो ठरावीक वयाचा झाला की दिवस कितीही मोठा असो, फुलतो. आज बियांच्या पाकिटावर ‘ऑटोफ्लॉवर’ असं छापलेले वाण याच गुणावर बेतलेले असतात. त्यांच्या बाबतीत दिव्याचे तास कमी-जास्त करून फूल पुढे ढकलता येत नाही.