घर सोडताना सफाई : लिंबू, सोडा आणि सावधगिरी

शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्या की प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या भागांत सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. बदली झालेली कुटुंबे व शिकणारी मुले किरायाची घरे रिकामी करतात. डिपॉझिट पूर्ण परत मिळावे म्हणून शेवटच्या दोन दिवसांत घासपुशीची घाई उडते. याच घाईत संडास-बाथरूम धुताना ठसका लागला, डोळे चुरचुरले, धाप लागली, अशा तक्रारी घेऊन रुग्ण दवाखान्यात येतात.

याचे नेहमीचे कारण एकच. डाग निघत नाही म्हणून ॲसिड ओतायचे आणि त्यावर ब्लिचिंग पावडर टाकायची. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. बंद बाथरूममध्ये तो थोडाही पुरेसा घातक ठरतो. दम्याच्या रुग्णाला तर फारच.

म्हणून घरगुती पदार्थ वापरणे केव्हाही चांगले. परंतु ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असे समजू नये. लिंबू व व्हिनेगर हीसुद्धा आम्लेच आहेत. ब्लिचिंग पावडरबरोबर त्यांच्यापासूनही तोच वायू तयार होतो.

आता कुठे काय वापरावे ते पाहू.

नळ व बेसिन : बोअरच्या जड पाण्यामुळे पांढरा थर बसतो. तो क्षारांचा असल्याने आम्लात विरघळतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग घासून धुवावे.

ओटा व गॅसची शेगडी : खाण्याच्या सोड्याचा ओला लेप तेलकट थर सोडवतो. संत्र्याच्या सालीतील तेलही चिकटपणा काढते. आपल्या नागपुरात साली फेकण्याचे कारण नाही. सोडा व व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरू नये. फेस येतो खरा, पण दोघांचाही गुण संपतो, आणि बंद बाटली फुटू शकते.

फरशी : संगमरवर, शहाबादी, कोटा किंवा मोझॅक फरशीवर लिंबू-व्हिनेगर मुळीच नको. या दगडांत चुन्याचा अंश असतो; आम्लाने चकाकी कायमची जाते आणि डिपॉझिटही कापले जाते. कोमट पाणी व रिठ्याचा फेस पुरेसा आहे.

कूलर : आधी प्लग काढावा. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटतात व कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने आतून खरवडून घासावे व उन्हात वाळवावे. नंतर येणाऱ्या कुटुंबासाठी एवढे करावेच.

गॅलरी : कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडूने झाडू नये. तिची धूळ फुप्फुसांना त्रास देते. नाकातोंडावर रुमाल बांधून आधी पाणी शिंपडावे, मग ओलसर असतानाच काढावी.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिंबू व सोडा मळ काढतात, पण जंतुनाशक म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. घरात कोणाला जुलाब किंवा कावीळ झाली असेल तर संडासात ब्लिचिंग पावडरच वापरावी. मात्र आधीचे लिंबू, व्हिनेगर, ॲसिड भरपूर पाण्याने धुऊन टाकावे, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि पावडर एकटीच वापरावी. सर्वांत सोपा नियम असा, की एका दिवशी एका जागी एकच वस्तू.

उग्र वास येऊन ठसका लागल्यास सर्व तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे. बादली उचलायला परत आत जाऊ नये. छातीचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून धाप लागत असल्यास घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डोळ्यांत काही उडाल्यास वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळे धुवावेत. मुलाने ॲसिड प्यायल्यास उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आणि हो, उरलेले ॲसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून रिकाम्या घरात मागे ठेवू नका. उद्या त्या घरात एखादे लहान मूल राहायला येणार आहे.