ऊस बेणे : तुऱ्यातले, कांडीचे आणि बाटलीतले



उसाला तुरा आला की आपण तोडीची घाई करतो. पण त्याच तुऱ्यात उसाचे खरे बी असते. हे बारीक बी पेरले तर रोपे येतात, मात्र दोन रोपे काही सारखी निघत नाहीत. एक जाड, एक बारीक. एक गोड, तर एक पाणचट. त्यामुळे हे बी आपल्या रानाचे नव्हे, संशोधकाच्या कामाचे. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली निघाले आणि अशाच रोपांतून निवड करीत आले. आपला को ८६०३२ तिथलाच, को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातला.

आपण लावतो ती कांडी. कांडीतून आईचा गुण जसाच्या तसा येतो, पण आईचा रोगही येतो. काणी, गवताळ वाढ, मोझॅक हे सगळे बेण्यातून पुढच्या सरीत जातात. "जात बिघडली" असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा जात तीच असते; बेणे रोगट झालेले असते.

ऊतिसंवर्धनात उसाच्या शेंड्यातला कोवळा वाढबिंदू काढून काचेच्या बाटलीत, निर्जंतुक खाद्यावर वाढवितात. एकाची अनेक रोपे होतात. ती हरितगृहात कणखर करून मगच रानात देतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशी रोपे तयार करते. रोप आईसारखेच, पण तपासून घेतलेले असेल तर निरोगी. मात्र बाटलीत फार वेळा वाढविले तर वेगळी रोपे निघू शकतात. म्हणून खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे.

आता खर्चाचे बोलू. रोप टिपरीपेक्षा महाग. शिवाय पहिल्या वर्षी फुटवे भरपूर येतात, पण ऊस बारीक राहतो. म्हणजे सगळे रान रोपांनी भरून ऊस गाळपाला घालणे परवडणारे नाही. रोप घ्यायचे ते बेणेमळ्यासाठी.

हिशेब सोपा आहे. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक रोप धरले तर दहा गुंठ्यांना सुमारे १,१०० रोपे लागतात. नऊ-दहा महिन्यांनी त्या मळ्यातून आठ ते दहा पट क्षेत्राचे, म्हणजे दोन ते अडीच एकरांचे बेणे मिळते. दुसऱ्या वर्षी त्यातूनच पुढचे. एकट्याला जड वाटले तर चार भाऊबंदांनी मिळून मळा करावा.

एवढे मात्र ध्यानात ठेवा : निरोगी रोपाला रोग पुन्हा लागतच नाही असे नाही. गवताळ बेट किंवा काणीचा चाबूक दिसला की ते बेट मुळासकट काढून जाळायचे. खोडव्याचे बेणे घ्यायचे नाही आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलायचे.

खत आणि पाणी पुढे वर्षभर हातात आहे. बेणे एकदा सरीत गेले की बदलता येत नाही. लावणीआधीच विचार व्हावा.