परदेशी निघालेल्या परिचारिकेचे कागद

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले रेल्वेचे गाव. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय जवळ असल्यामुळे परिचारिकेची नोकरी इथल्या घरांना परकी नाही. आता जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली इंग्लंड, आयर्लंड, आखाती देशांची चौकशी करतात. नोटरी म्हणून त्यांचे कागद माझ्यापुढे येतात, तेव्हा एक गोष्ट जाणवते. अडचण बहुधा शिक्षणाची नसते, नावाची असते.

नोटरी करतो तरी काय? १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला हा वकील मूळ कागद आणि झेरॉक्स ताडून पाहतो आणि 'ही खरी प्रत आहे' असा शेरा, सही, शिक्का देतो. प्रतिज्ञापत्र असेल तर सही करणाऱ्याची ओळख पटवतो, नोंदवहीत नोंद करतो. पदवी खरी की खोटी, हे मात्र तो सांगत नाही. ते काम विद्यापीठाचे आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे. म्हणूनच परदेशी नोंदणी संस्था ही खात्री बहुधा थेट कौन्सिलकडूनच करून घेतात.

आता नावाकडे वळू. समजा, दहावीच्या प्रमाणपत्रावर 'कदम सुनीता बाबूराव' आहे. कौन्सिलची नोंदणीही माहेरच्याच नावाने. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर ती 'सुनीता विलास जाधव'. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. लंडनच्या कारकुनाला मात्र आडनाव कोणते, मधले नाव कोणाचे, हे ठाऊक नसते. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका! त्यात सासरी पहिले नावही बदलले असेल, किंवा स्पेलिंगमध्ये एकीकडे 'आय' आणि दुसरीकडे 'डबल ई' असेल, तर गुंता वाढतो.

तो सोडवायला पहिला कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. पहिले नावही बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तशी प्रसिद्धी द्यावी. सोबत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे आणि त्यात प्रत्येक कागदावरचे नाव जसेच्या तसे लिहावे.

कधी वडील किंवा भाऊ एकटेच येतात. "पोरगी पुण्याला ड्युटीवर आहे, सही करून पाठवलीय. तेवढा शिक्का मारा, साहेब." मी नाही म्हणतो. माणसे नाराज होतात. पण सही करणारी व्यक्ती समोर होती, एवढीच तर त्या शिक्क्याची किंमत! उद्या शंका निघाली तर परक्या देशात अडकेल ती तुमचीच मुलगी.

काही देशांना याहून पुढचा शिक्का लागतो. १९६१ च्या हेग करारानुसार एका देशाचे 'अपोस्टिल' दुसरा देश मानतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. सौदी अरेबियात तो २०२२ मध्ये लागू झाला. आपल्याकडे शैक्षणिक कागदांवर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम असतो. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो.

तेव्हा एजंटाला पैसे देण्याआधी घरी एक काम करा. दहावीपासून पासपोर्टपर्यंतचे सारे कागद सतरंजीवर ओळीने मांडा आणि प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर वाचा. फरक घरीच सापडला, तर तो इथल्या इथे दुरुस्त करता येतो.