सहकारसुरा आणि आंब्याची बिअर

मद्याचे नाव निघाले की आपल्या घरांतून संभाषण थांबते. निषेधापुरते ते ठीक असेल; परंतु ज्ञानाच्या दृष्टीने मौनाने काही साधत नाही. पुण्या-मुंबईस शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली आपली तरुण मंडळी फळांच्या स्वादाची बिअर चाखतात, हे उघड आहे. घरी त्याविषयी विचारण्याची सोय नसली म्हणजे त्यांचे एतद्विषयक सारे शिक्षण जाहिरातींवर सोपविल्यासारखे होते. म्हणून या पेयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही बिअर लहान भट्ट्यांतून थोडी थोडी काढतात. पुण्यात २००९ साली निघालेल्या अशा एका भट्टीचे नाव ‘डूलाली’. नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून इंग्रजीत ‘वेडसर’ या अर्थी रूढ झालेला हा शब्द! कृती अशी : जव भिजवून मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, कढत पाण्यात मुरवून त्यांतील पिष्टाची साखर होऊ द्यावयाची, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळावयाचे आणि निवल्यावर किण्व, म्हणजे यीस्ट, सोडावयाचे. हा सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करतो. लुई पाश्चरचा बिअरवरील प्रसिद्ध ग्रंथ १८७६ सालचा. फळाचा गर बहुधा किण्वन चालू असता किंवा ओसरत आल्यावर घालतात.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात मद्यपानास आजही परवाना लागतो. पुण्यास आप्तांकडे गेलो असता एका दिवसाचा परवाना काढून आम्ही आंब्याची बिअर आचमनाएवढी चाखली. वासाने पिकल्या आंब्याची आढी आठवली. जिभेस मात्र आधी आंबटपणा, मग कडसरपणा लागला. गोडी जवळजवळ नव्हतीच. बरोबरच्या तरुणांस याचे नवल वाटले. कारण साधे आहे. फळातील साखर किण्वाने खाल्ली. गंध व आंबटपणा तेवढा मागे राहिला. नाहीशी झालेली गोडी मद्यार्कात गेली, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे. साधारण बिअरीत शंभर भागांस चार-पाच भाग मद्यार्क असतो. केवळ आंब्याचे नाव दिल्याने तो कमी होत नाही. वरून पाक मिसळून ती गोड केली असेल, तर अधिकच फसवी.

ही कल्पना नवी मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी ‘सहकारसुरा’ सांगितली आहे. सहकार म्हणजे सुवासिक आंबा. अर्थात् धान्याच्या सुरेस आंब्याचा स्वाद! तेथेच तांदूळ व उडीद यांपासून किण्व करण्याची कृतीही आहे. चरकसंहितेत चौऱ्यांशी आसवे गणिली असून त्यांत सव्वीस फळांची आहेत. द्राक्ष, खजूर, जांभूळ, फणस ही त्यांतली. याच पूर्वजांनी सुरापान महापातकांत घातले आणि धान्याच्या सुरेस पैष्टी म्हणून निराळी संज्ञा दिली. कचाच्या कथेत सुरेमुळे भान हरपलेल्या शुक्राचार्यांनी ब्राह्मणांस मद्य वर्ज्य केले, हे सर्वश्रुत आहे. वस्तूचे पूर्ण ज्ञान आणि तिजविषयी दृढ निषेध ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, हा यांतील धडा.

आमच्या चोपड्याकडे पाहता निराळाच विचार मनात येतो. तापीकाठी केळीच्या बागा, शेतांत ज्वारी. पूर्व आफ्रिकेत युगांडा, रवांडा या देशांत पिकल्या केळ्यांच्या रसात ज्वारीचे पीठ घालून बिअर करतात; दोन्ही पदार्थ आमच्या दारीच आहेत. उत्तरेस सातपुड्यात पावरा बांधव मोहाच्या फुलांची दारू गाळतात. मधूकपुष्पांचे आसव चरकासही ठाऊक होते. गाळलेली दारू बिअरीहून पुष्कळ कडक, हे खरे. तथापि शहरात फळाची बिअर पिणारा रसिक ठरावा आणि डोंगरातला मोह पिणारा हीन, हा न्याय आम्हांस पटत नाही. गोव्याने काजूच्या फेणीस २०१६ साली वारशाचा मान दिला. मानापमान पेयात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो, हे त्यावरून दिसते. यकृतास मात्र हा भेद कळत नाही, आणि पगार दारूत गेला तर चूल दोन्हीकडे सारखीच विझते. महाराष्ट्रातील अनेक गावच्या स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ केली, ती याच अनुभवाने.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच. नातवाने वा पुतण्याने सुटीत येऊन, ‘आजोबा, आंब्याची बिअर चाखली,’ असे सांगितले, तर प्रथम ऐकून घ्यावे. गोडी कोठे गेली, हे त्यास विचारावे. मग आपले मत निःसंकोच सांगावे. आमचे मत वर्ज्य करावे असेच आहे. उघडपणे बोलणारा मुलगा सावरता येतो. वेलदोडा चघळून घरात शिरणाऱ्यास सावरणे कठीण.