तारेवाचून कळफलक

हाताने जोडलेल्या यांत्रिक कळफलकांच्या दुनियेत ‘प्रो मायक्रो’ नामक चिमुकल्या नियंत्रक-पाटीचा अंमल पुष्कळ वर्षे असा निर्वेध चालला की, तिच्या दोन कडांवरील २४ पिनांची मांडणी हीच पुढे असंख्य रचनाकारांनी प्रमाण मानली. जपानमधील एका रचनाकाराने आखलेला, दोन अर्धांत विभागलेला ४२ कळांचा ‘कॉर्ने’ हा फलकही तिच्याच मापाचा. परंतु तिच्यावरील एटीमेगा ३२यू४ या चिपेत स्मृती अवघी ३२ किलोबाइट आणि रेडिओ मुळीच नाही. तेव्हा तार काढावयाची तर पाटीच बदलणे प्राप्त होते. तिच्या जागी ‘नाइस नॅनो’ किंवा तिची स्वस्त प्रतिकृती ‘सुपरमिनी’ त्याच छिद्रांत बिनतक्रार बसते. दोहोंच्या पोटात नॉर्डिक कंपनीची एनआरएफ ५२८४० ही ब्लूटूथयुक्त चिप असते, आणि एकीचे फर्मवेअर दुसरीला चालते. मात्र पाटी बसली म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्याला खरे काम अद्याप दिसलेलेच नसते.

ते काम विजेच्या बंदोबस्ताचे आहे. बाजारात ३०१२३० या क्रमांकाने मिळणारी बॅटरी ३ मिलिमीटर जाड, १२ रुंद आणि ३० लांब असते. पिनांच्या दोन रांगांतील अंतर १५.२४ मिलिमीटर असल्यामुळे, पाटी थेट न डाखता सॉकेटावर उचलून बसवली, तर ही बॅटरी तिच्या खालच्या फटीत, उशीखाली सरकवलेल्या पाकिटासारखी, अचूक मावते. धन तारेत एक सरकता स्विच घालणे इष्ट. तारांच्या रंगांवर विसंबणे मात्र सर्वथा अनिष्ट. ध्रुव मल्टिमीटरने पाहूनच डाख द्यावा, कारण उलटी जोडणी पाटीला सहसा दुसरी संधी देत नाही. यूएसबीच्या विरुद्ध टोकाला असलेल्या अँटेनावर धातू येऊ देऊ नये, हेही सांभाळावे लागते.

अशा बॅटरीत साधारण ११० मिलिअँपिअर-तास एवढीच पुंजी असते, आणि तिचा जमाखर्च मांडू लागताच शोभेच्या दिव्यांचा उधळेपणा उघडा पडतो. कॉर्नेच्या प्रत्येक अर्धात असे २७ रंगीत दिवे बसवण्याची सोय आहे. ते विझलेले दिसले तरी त्यांच्या पोटातील नियंत्रक जागाच असतो, आणि सगळे मिळून ही पुंजी दिवसभरात फस्त करू शकतात. याकरिताच नाइस नॅनोवर बाह्य उपकरणांचा वीजपुरवठा समूळ तोडण्याची तजवीज केलेली आहे. मी तर दिवे डाखतच नाही.

फर्मवेअरही बदलावे लागते. पूर्वापार चालत आलेल्या ‘क्यूएमके’ या फर्मवेअरचा परवाना नॉर्डिकच्या बंदिस्त ब्लूटूथ-संहितेशी जुळत नाही. म्हणून झेफिर या कार्यप्रणालीवर उभारलेले, एमआयटी परवान्याचे ‘झेडएमके’ वापरतात. रीसेटची कळ झटपट दोनदा दाबली की पाटी संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसते, आणि यूएफ-टू फाइल तिच्यात टाकली की कारभार सुरू होतो. दोन्ही अर्धांना निरनिराळी फाइल लागते, कारण डावा अर्ध मुख्य असतो आणि उजव्याचे सारे अर्ज त्याच्यामार्फतच संगणकाकडे जातात. साहजिकच डाव्याची बॅटरी आधी उतरते. अर्धांची परस्परओळख बिघडली, तर जुन्या नोंदी पुसणारी एक स्वतंत्र फाइल दोघांतही घालून मग मूळ फर्मवेअर पुन्हा चढवावे.

इनस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्या मराठी माणसापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. त्या आराखड्यात ‘ड’ हा चौकोनी कंसाच्या कळीवर आहे, आणि कॉर्नेच्या नेहमीच्या मांडणीत त्या जागी बॅकस्पेस नांदत असते! मी तिची बदली अंगठ्याखाली केली. ‘ड’ला दुसऱ्या थरात धाडणे मला मानवले नाही.

ज्याला एकाच मेजाशी बसून लिहावयाचे आहे, किंवा ज्याला रंगीत दिव्यांचा मोह आवरत नाही, त्याने या खटाटोपात पडू नये. त्याला तारच बरी. परंतु घरचा संगणक, कचेरीतील लॅपटॉप आणि फोन असे एकाच फलकावरून चालवणाऱ्याला झेडएमकेची पाच ब्लूटूथ-खाती खरोखर उपयोगी पडतात, आणि त्याने पहिल्या प्रयोगासाठी स्वस्त सुपरमिनी घेण्यास मला काही हरकत दिसत नाही.