सुईला न कळणारी अ‍ॅलर्जी

डोकं दुखलं की आयबुप्रोफेन, कंबर धरली की डायक्लोफिनॅक. एखाद्याला मात्र त्याच गोळीने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. धुळीच्या अ‍ॅलर्जीसारखी हातावर सुई टोचून तपासणी करावी, तर इथे बहुतेकदा ती काहीच सांगत नाही!

कारण भन्नाट आहे. बहुतेक रुग्णांत अँटिबॉडीचा संबंधच नसतो. वेदनाशामक गोळी कॉक्स-१ हे एन्झाइम दाबते आणि संवेदनशील शरीरात ल्युकोट्राइन ही रसायनं उसळतात. गोळीने एन्झाइम दाबलं जाण्याचा दम्याच्या झटक्याशी असलेला संबंध पोलंडच्या क्राकोव्हमध्ये आंजेय श्चेक्लिक यांनी १९७५मध्ये दाखवला. म्हणूनच ॲस्पिरिन न सोसणाऱ्या दमेकऱ्याला रचनेने अगदी वेगळी, पण कॉक्स-१ दाबणारी गोळीही त्रास देते.

मग खात्री कशी करायची? डॉक्टरांच्या नजरेखाली थोडी थोडी गोळी देऊन. १९२२मध्ये पॅरिसमध्ये हे करून पाहणारे फेर्नां विदाल म्हणजे टायफॉइडच्या ‘विडाल टेस्ट’वाले तेच!

दमेकऱ्यांत ही तपासणी दोन-तीन दिवस चालायची, शिवाय दम्याचा झटका येण्याची धास्ती. आता आधी ल्युकोट्राइनला अडवणारं माँटेलुकास्ट हे औषध दिलं तर फुप्फुसांवरचा तडाखा सौम्य होतो. काही ठिकाणी द्रवरूप ॲस्पिरिन थेट नाकात सोडतात. त्रास झालाच तर बहुधा शिंका आणि चोंदलेलं नाक एवढ्यावर भागतं. पूर्वी फक्त पुरळ उठलेल्या अनेकांना एकाच दिवशी, दोन टप्प्यांत गोळी देऊन मोकळं करता येतं. घरी मात्र हा प्रयोग कधीही नको.

मला सर्वांत आवडलेली युक्ती वेगळीच आहे: त्रास देणारी गोळी सोडून द्यायची आणि चालेल अशी शोधायची. कॉक्स-१ला फारसं न छेडता कॉक्स-२ या त्याच्या भाऊबंद एन्झाइमवर नेमकं काम करणारी एटोरिकॉक्सिब दवाखान्यात देऊन पाहतात आणि बहुतेकांना ती सोसते. रुग्णाच्या हाती नुसती मनाई न येता औषधाचं नाव येतं. दुखणाऱ्या माणसाला तेच तर हवं असतं!

आणि एक चक्रावून टाकणारी गोष्ट. काहींना गव्हाची सुप्त अ‍ॅलर्जी असते. नुसती पोळी पचते, पण पोळीवर ॲस्पिरिन घेतली किंवा लगेच पळायला गेलं की रिॲक्शन येते. खरा दोषी गव्हातला ओमेगा-५ ग्लायडिन, आणि तो रक्ततपासणीत सापडू शकतो. म्हणून जाणकार डॉक्टर गोळीचं नाव विचारतात, तसंच त्याआधी काय खाल्लं होतं हेही.